नारळ, बोअर आणि भूवैज्ञानिकाची सही

नागपूरहून हैदराबादकडे निघालेली गाडी सत्तरेक किलोमीटरवर जामला पोहोचते आणि तिथे रस्ता फुटतो. सरळ गेलं की हिंगणघाट, डावीकडे वळलं की वरोरा, भद्रावती, चंद्रपूर. चहापुरतं थांबणाऱ्याला हा नुसता फाटा. जमिनीखालचा हिशेब मांडला, तर मात्र इथून दोन वेगवेगळे मुलूख सुरू होतात. हिंगणघाटचा रस्ता सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडावरून पुढे जातो. वरोऱ्याचा रस्ता तासाभरात त्या दगडाची किनार ओलांडतो आणि गोंडवाना खडकांच्या, म्हणजे दगडी कोळशाच्या प्रदेशात उतरतो. एकीकडे प्रश्न पाण्याचा, दुसरीकडे पोखरलेल्या जमिनीचा. दोन्हींचं उत्तर भूवैज्ञानिकाकडे असतं, आणि दोन्ही ठिकाणी नेमका तोच दिसत नाही.

त्याच्या जागी दिसतो तो पाणाड्या. वावरात बोअर मारायचं ठरलं की आधी त्याला बोलावणं जातं. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो बांधाबांधानं चालतो. नारळ उभा राहिला की तिथे खूण करायची. रात्री तामिळनाडूची पाटी लावलेली बोअरची गाडी येते आणि सकाळपर्यंत वावरात एक भोक, बाजूला राखाडी भुकटीचा ढीग आणि घरात एक नवं कर्ज एवढं तयार असतं. पाणी लागलं तर पाणाड्याचं नाव होतं. नाही लागलं तर नशिबाचं.

समुद्रपूर तालुक्याला दगडी नारळाची तर जुनी ओळख आहे. जाम याच तालुक्यात येतं आणि गिरडही. गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि टेकडीभर गोलसर दगडी गोटे विखुरलेले सापडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांचे नारळ आणि बाकीचा माल त्याच्या शापानं दगडाचा झाला, अशी कथा लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरनं ही कथा नोंदवली आणि गोटे झिओलाइट खनिजाच्या गाठी असल्याचंही शेजारीच लिहून ठेवलं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. पुढे पाझरणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं साचतात. विहीर खोदणारे अशा बुडबुड्यांच्या, ठिसूळ दगडाला मांजऱ्या म्हणतात. मुरूम, मांजऱ्या, तांबडा थर, काळा पाषाण हा त्यांचा पाठ असतो. पाणी मुरमात आणि मांजऱ्यात धरलं जातं, भेगा नसलेल्या काळ्या पाषाणात नाही. पाणाड्याचा नारळ काही म्हणो, हे ज्ञान गावातच आहे. ते लिहून घेणारं, पडताळणारं आणि त्याखाली स्वतःचं नाव टाकणारं कोणी नाही.

भूवैज्ञानिकांचा दुष्काळ आहे म्हणून हे घडतं असं म्हणायलाही जागा नाही. देशात भूवैज्ञानिकांची सर्वात दाट वस्ती कुठे असा प्रश्न निघाला, तर नागपूरचं नाव पहिल्या काहींत येईल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय तिथे आहे. केंद्रीय भूजल मंडळाचं मध्य क्षेत्र, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय, खनिजांचा शोध घेणारी केंद्र सरकारची कंपनी, राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय, विद्यापीठाचा पदव्युत्तर भूशास्त्र विभाग, सगळं एका शहरात. शिवाय गोंडवाना जिऑलॉजिकल सोसायटी ही भूवैज्ञानिकांची स्वतःची संघटनाही नागपूरचीच. ती स्वतःची शोधपत्रिकाही चालवते. जामपासून हे सारं सव्वा-दीड तासाच्या अंतरावर आहे.

मग अडतं कुठे? संशोधनाचे आणि विकासाचे मोठे प्रकल्प आखताना खाती मोजली जातात, विद्यापीठं मोजली जातात, हल्ली स्वयंसेवी संस्थाही मोजल्या जातात. व्यावसायिक भूवैज्ञानिकांची संघटना मात्र त्या यादीत नसते. तिला चर्चासत्राच्या उद्‌घाटनाला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात आणि निरोप देतात. तिथेही तिच्या वाट्याला नारळच येतो. या संघटनांना प्रकल्पात अधिकृत भागीदाराचं स्थान, नेमून दिलेलं काम, त्याचा मोबदला आणि त्या कामाची जबाबदारी मिळायला हवी. तीही आत्ता, कारण राज्यात पाणी आणि जमीन या दोन गोष्टींवर सार्वजनिक पैसा पूर्वी कधी झाला नसेल इतका खर्च होतो आहे.

या भागाला अशी भागीदारी नवीन नाही. जामच्या याच रस्त्यावर, बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला, तिची एक दुःखद खूण आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी 1840च्या दशकात नागपुरात आले. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूरभोवतीचा खडक पायी पिंजून काढला. शहराजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांच्या मधोमध गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचे जीवाश्म त्यांना मिळाले. नागपूरच्या भूशास्त्रावरचा त्यांचा निबंध 1855मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. हिस्लॉप सगळ्याच विषयांतले जाणकार नव्हते आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या मांगली गावाजवळ मिळालेल्या उभयचर प्राण्याच्या कवटीचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केलं, तिला ‘ब्रॅकिऑप्स’ हे नाव दिलं. वनस्पतींचे ठसे चार्ल्स बनबरी यांनी तपासले, कीटकांचे अवशेष अँड्र्यू मरे यांनी, शिंपल्यांसारख्या इवल्या कवचांचे जीव रुपर्ट जोन्स यांनी. 1807मध्ये स्थापन झालेली एक संघटना मधे होती, म्हणून नागपूरच्या मिशनऱ्याला या साऱ्यांचं ज्ञान मिळालं आणि लंडनच्या जाणकारांना विदर्भातले नमुने. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. नागपूरच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. त्यांनी उभी केलेली पद्धत मात्र विस्मरणात गेली.

तिचा एक आधुनिक नमुनाही जामपासून फार लांब नाही. वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा हे छोटं गाव आहे. तिथल्या लॅमेटा खडकांत डायनोसॉरची हाडं सापडतात आणि विष्ठेचे जीवाश्मही. 2005मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की, या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण आहेत. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं, हा तोवरचा समज पिसदुऱ्याच्या शेणानं मोडला. लखनऊ आणि स्वीडनमधले संशोधक आणि विदर्भातलं एक आडगाव एका शोधनिबंधात आले, कारण प्रत्येकानं आपल्याला येतं तेवढं काम केलं आणि त्याखाली आपलं नाव घातलं.

युरोपात आता हीच गोष्ट संघटनांच्या पातळीवर होते. 1980मध्ये स्थापन झालेला युरोपियन भूवैज्ञानिक महासंघ ब्रुसेल्समधून चालतो आणि अनेक देशांच्या राष्ट्रीय संघटना त्याच्या सभासद आहेत. युरोपीय संघाच्या संशोधन निधीतून होणाऱ्या प्रकल्पांत हा महासंघ भागीदार असतो आणि सभासद संघटनांना त्यात अधिकृत दर्जा मिळतो. 2015 ते 2018 या काळातला ‘किंड्रा’ प्रकल्प भूजल संशोधनाची सगळ्या युरोपची एक सूची बनवण्यासाठी होता. कुठल्या देशात काय अभ्यास झाला, कुठला अहवाल कुठल्या कपाटात पडला आहे, हे शोधून नोंदवण्याचं काम त्या त्या देशातल्या भूवैज्ञानिकांच्या संघटनांनी केलं. ब्रुसेल्समध्ये बसून ते होण्यासारखं नव्हतं. स्थानिक भाषा, खात्यांचे वळसे आणि निवृत्त अधिकाऱ्याच्या घरचा दूरध्वनी हे सगळं संघटनेच्याच हाताशी असतं.

दुसरं उदाहरण तर थेट वर्धा खोऱ्यानं वाचावं असं आहे. ‘युनेक्समिन’ नावाच्या प्रकल्पात हंगेरीच्या मिश्कोल्ट्स विद्यापीठाच्या पुढाकारानं साठेक सेंटिमीटर व्यासाचा, चेंडूसारखा गोल रोबोट तयार झाला. पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणींत तो एकटा शिरतो आणि आतल्या बोगद्यांचे नकाशे काढतो. फिनलंड, स्लोव्हेनियातली इद्रियाची पाऱ्याची खाण, पोर्तुगाल, ब्रिटन अशा ठिकाणी त्याच्या चाचण्या झाल्या. पण रोबोटला पाठवायचं कुठे, हे ठरवायला आधी अशा खाणींची यादी लागते. युरोपभरच्या हजारो बुडालेल्या खाणींची ती यादी पुन्हा भूवैज्ञानिकांच्या संघटनांनीच जमवली.

वर्धा खोऱ्याच्या कोळशावर टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा सविस्तर ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं 1877मध्येच प्रकाशित केला होता. वरोऱ्याची खाण ब्रिटिशांनी त्याच दशकात चालवली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंदही झाली. तेव्हापासून या पट्ट्यात किती भुयारं खोदली गेली, किती वाळूनं भरली, किती तशीच पाण्यात सोडली, हे सामान्य माणसाला एका ठिकाणी पाहायला मिळत नाही. 26 ऑगस्ट 2022 रोजी याच पट्ट्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खाण होती. त्यानंतर आसपासची घरं रिकामी करावी लागली, पाहण्या झाल्या. अशा वस्त्यांची यादी घर खचण्याच्या आधी असायला हवी. खाण कंपनी स्वतःच्या नकाशांवर बोलेल, नगर परिषद स्वतःच्या. दोन्ही शेजारी ठेवून, जुने खाणकामगार आणि निवृत्त सर्वेक्षक यांना विचारून एक उघडी यादी करण्याचं काम नागपूरच्या संघटनेला नेमून दिलं, तर त्यासाठी रोबोटचीही गरज नाही.

इथे कोणी म्हणेल, महाराष्ट्रात सहयोगी संशोधन होत नाही असं थोडंच आहे! अर्थातच होतं, आणि उत्तम होतं. 11 डिसेंबर 1967च्या कोयना भूकंपाचं मूळ शोधण्यासाठी भूविज्ञान मंत्रालयानं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं हाती घेतलेलं काम जगात नावाजलं गेलं. दीड किलोमीटरपर्यंत खोल अशी नऊ छिद्रं घेतली गेली, 2017मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटर खोलीचं छिद्र झालं. त्यासाठी कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. छिद्रांतून निघालेले दगडाचे दंडगोल खोलीनुसार क्रमांक घालून जपले आहेत. लोणारचंही तसंच. ते विवर उल्काघातानं झालं, हे 1973मध्ये ‘सायन्स’मध्ये सिद्ध करणाऱ्या चौघांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दोघे होते आणि अमेरिकेतले दोघे. मोठा प्रश्न, मोठा निधी आणि परदेशी भागीदार असले की आपली माणसं पहिल्या रांगेत असतात. तालुक्याच्या प्रश्नापाशी आलं की ही रांगच मोडते.

मोडते म्हणजे काय होतं, ते नाल्यांच्या खोलीकरणानं दाखवलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी धुळे जिल्ह्यात शिरपूरला नाले खोल आणि रुंद करून पाणी जिरवण्याचा प्रयोग केला. त्याला यश आलं आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर पसरला. मग जेसीबी गावोगाव पोहोचले. शिरपूरला तापीकाठच्या गाळाचा जाड थर आहे आणि बेसाल्टही आहे. समुद्रपूरच्या नाल्याखाली काय आहे, हे मात्र समुद्रपूरलाच पाहावं लागतं. एका ठिकाणी वरचा कठीण थर फोडल्यानं पाणी मुरतं. दुसऱ्या ठिकाणी त्याच खोदाईनं शेजारच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरून उघड्यावर येतं. जलयुक्त शिवार या सरकारी योजनेच्या काळात यावर वाद पेटला. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले आणि सरकारला माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. भूवैज्ञानिकांतही मतभेद होते, आणि विज्ञानात ते असायचेच. पण ते काम सुरू होण्याआधी एका टेबलावर यायला हवे होते. ते आले कोर्टाच्या कागदांत आणि वाहिन्यांच्या चर्चेत. योजनेत दुसरं मत द्यायला बांधील असलेली संघटना असती, तर निदान कुठल्या खडकात किती खोल जायचं, याची तालुकानिहाय मर्यादा आधी ठरली असती.

दुसऱ्या मताला किंमत तेव्हाच येते, जेव्हा त्याखाली सही असते आणि सही चुकली तर जाब विचारता येतो. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद या सगळ्यांसाठी भारतात कायद्यानं परिषदा आहेत आणि नोंदणी आहे. भूवैज्ञानिकांसाठी नाही. महाराष्ट्राच्या 2009च्या भूजल अधिनियमात बोअरच्या गाडीची नोंदणी सांगितलेली आहे, बोअरची जागा दाखवणाऱ्याची नाही. इटलीनं भूवैज्ञानिकांच्या व्यवसायाला 1963मध्येच कायद्याची चौकट दिली. कॅनडाला ठेच लागून शहाणपण आलं. ‘ब्री-एक्स’ या कॅनडियन कंपनीनं इंडोनेशियात सोन्याचा प्रचंड साठा मिळाल्याचा डंका पिटला आणि 1997मध्ये उघड झालं की, दगडांच्या नमुन्यांत सोन्याची भुकटी मिसळलेली होती. गुंतवणूकदार बुडाले. त्यानंतर कॅनडानं नियम केला की, खाणीच्या साठ्याबद्दल कंपनीनं लोकांना जे सांगायचं, त्यामागे पात्र व्यक्तीचं नाव हवं आणि ती व्यक्ती शिस्तीचा बडगा उगारू शकणाऱ्या व्यावसायिक संघटनेची सभासद हवी. नियम शेअर बाजारासाठी झाला, पण त्यातला मुद्दा वावरातल्या बोअरलाही लागू पडतो.

संघटनांवर घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत. बऱ्याच संघटनांत निवृत्तांचा भरणा असतो आणि वार्षिक सभा, स्मरणिका, सत्कार एवढ्यातच वर्ष सरतं. काही सभासद खाण कंपन्यांचे सल्लागार असतात. काही सरकारी नोकरीत असतात, त्यांना खात्याविरुद्ध बोलता येत नाही. अशा संघटनेचं मत निःपक्ष कसं मानायचं? त्याला साधा तोडगा आहे. कोणाचे कुठे लागेबांधे आहेत ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहायचं, मतभेद असतील तर दोन्ही मतं छापायची आणि अहवाल मराठीतही काढायचा. समुद्रपूरच्या पाण्यावरचा अहवाल समुद्रपूरच्या शेतकऱ्याला वाचता येत नसेल, तर त्यातली चूक पकडणार कोण?

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूनं येतो आणि तो जास्त वजनदार आहे. आधीच बियाणं, वीज, पंप यांत पिचलेल्या माणसाला बोअरसाठी आणखी एका साहेबाची सही आणायला लावायची का? मुळीच नाही. सहीची सक्ती हवी ती सार्वजनिक पैशाच्या कामाला, म्हणजे नाला खोलीकरण, बंधारे, गावाची नळयोजना, खाणीलगतची बांधकामं यांना. शेतकऱ्याला हवी ती सोय, बंधन नव्हे. गटानं बोअर घेणाऱ्यांना संघटनेचा जाणकार कमी दरात मिळावा आणि त्याचा खर्च योजनेत धरलेला असावा.

सुरुवात छोटी ठेवता येईल, आणि त्यासाठी समुद्रपूर तालुका सोयीचा आहे. जागतिक बँकेच्या साहाय्यानं 2018मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वर्धा जिल्हा होता आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीनं तयार झाली. केंद्रीय भूजल मंडळाचे जलधरांचे नकाशे आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. या तिन्हींत जो दुवा सुटतो, तो म्हणजे प्रत्येक नव्या बोअरमध्ये किती फुटांवर काय लागलं याची नोंद. ती संघटनेकडे सोपवावी. विद्यापीठातली मुलं दोन महिने बोअरच्या गाडीमागे फिरतील. दर दहा फुटांवरची भुकटी एका पिशवीत भरून तिच्यावर गट क्रमांक, तारीख आणि खोली लिहितील. सोबत विहीर खोदणाऱ्या जुन्या माणसाला बसवतील, म्हणजे ‘मांजऱ्या’ आणि ‘तांबडा थर’ हे शब्दही नोंदीत येतील. पाणाड्याला हाकलायची गरज नाही. त्यानं दाखवलेल्या जागाही त्याच वहीत लिहाव्यात आणि किती ठिकाणी पाणी लागलं ते शेजारी मांडावं. वहीच्या शेवटी भूवैज्ञानिकाची सही असेल आणि वही ग्रामपंचायतीत राहील.

कराडला दीड किलोमीटर खोलीवरचा दगड क्रमांक घालून ठेवला आहे. जामच्या आसपास मात्र बोअरची गाडी पहाटे निघून गेली की तोच राखाडी, मधेच तांबूस ढीग वावरात पडून असतो. पोराटोरांनी त्यात पाय बुडवून खेळून झालं की दुपारी ट्रॅक्टर येतो आणि तो ढीग वावराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या खड्ड्यात ओतून जातो.